महूच्या मैदानावर नंबर तीन

इंदूरहून परतलेल्या माणसाला आमच्या कराडात दोनच प्रश्न विचारतात. सराफ्याच्या खाऊगल्लीत काय काय खाल्लंत, आणि शहर खरंच एवढं स्वच्छ आहे का? पहिल्याचं उत्तर, सगळं खाल्लं, आणि त्याचा पुरावा माझ्या पँटच्या हुकापाशी अजून दिसतो. दुसऱ्याचं उत्तर, हो. पहिल्या दिवशी मी चिकूची सालं शर्टाच्या खिशात घालून अर्धं शहर हिंडलो. एवढ्या लख्ख रस्त्यावर ती टाकायला हात धजेना, आणि डबा दिसला की त्याला दोन तोंडं, ओलं आणि सुकं. उन्हात वाळलेलं साल कशात मोडतं हे ठरेपर्यंत मी पुढच्या चौकात पोचलेला असायचो.

पण आम्ही इंदूरला खायला गेलो नव्हतो. आम्ही गेलो होतो मशीनगनसाठी.

घाबरू नका. मी विमा एजंट आहे. लोकांना संकटांची भीती घालून पोट भरणारा माणूस, स्वतः फटाक्याच्या लडीपासूनही चार हात लांब उभा राहतो. मशीनगन होती ती माझ्या सासऱ्यांची. म्हणजे सरकारची, पण आबा तिच्याबद्दल बोलतात ते घरच्या दुभत्या म्हशीबद्दल बोलावं तसं. फौजेतून सुभेदार होऊन ते बाहेर पडले, पण उमेदीची सगळी वर्षं मशीनगनवर ‘नंबर एक’ म्हणून काढली. नंबर एक म्हणजे जो गनमागे पालथा झोपतो आणि घोडा दाबतो तो.

गेल्या दिवाळीपासून आबांच्या हातांना कंप सुटलाय. तेव्हापासून घरानं त्यांच्याकडून एकेक वस्तू काढून घेतली. मेव्हण्यानं स्कूटरची किल्ली लपवली. दाढीचं पातं गेलं, बिनपात्याचं यंत्र आलं. परवा नातवाच्या सायकलची चेन बसवायला बसले तर सूनबाई म्हणाल्या, “राहू द्या आबा, ते येतील आणि करतील.” आबा उठले आणि हात धुवायला गेले. हाताला काही लागलेलंच नव्हतं.

अशात महूहून त्यांच्या जुन्या साथीदाराचा, गिरधारीलालजींचा फोन आला. पलटणीचा मेळावा आहे, आणि त्यात जुन्या गनक्रूंची, म्हणजे एका गनवरच्या तिघांच्या टोळ्यांची, स्पर्धा. डोळ्यांवर पट्टी बांधून गन खोलायची, जोडायची, तिवईवर चढवायची, गोळ्यांचा पट्टा भरायचा. आबा फोनवर ओरडले, “आता हूं!” आणि फोन ठेवून बॅग काढली.

बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. “अहो, भर मैदानात, सगळ्या पलटणीपुढं त्यांचा हात थरथरला ना, तर आबा परत कोणाला तोंड दाखवायचे नाहीत. मेळाव्याला जाऊ देत, गळाभेटी करू देत. पण स्पर्धेत त्यांना उतरू द्यायचं नाही. हे काम तुमचं.”

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको एखादं काम आपल्यावर सोपवते तेव्हा माणूस फुलून येतो. ते काम दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं, हे नंतर कळतं.

इंदूर

बसचा प्रवास सांगत नाही. वरच्या बर्थवर माझा देह आणि छत यांच्यामध्ये जी जागा उरली होती तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

उतरलो मकरंदकडे. शोभाची, म्हणजे माझ्या बायकोची, मावशी इंदुरात दिलेली. तिचा हा मुलगा. त्याचे आजोबा गिरणीत कारकून म्हणून आले आणि मंडळी इथलीच झाली. मकरंदचं मराठी ऐकताना गंमत वाटते. क्रियापदं आपली आणि बाकी सामान वाटेत भरलेलं.

“आबाजी, आधी पोहे घेऊन घ्या ना, बात मग करू. आणि भिया, तुम्ही काय असे गुमसुम बसलात? सेव डाला ना वरून!”

‘भिया’ म्हणजे मी. इंदुरात पोह्यांवर सेव, चिवड्यावर सेव, भाजीत सेव. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडली की विषय संपतो. इथं तिथून सुरू होतो. बडीशेप, डाळिंबाचे दाणे, कांदा, जिरावण नावाचा तिखट-आंबट मसाला, आणि शेजारी गरम जिलबी. पोह्यांचा घास, मग जिलबीचा. मी आधी नाक मुरडलं. दुसऱ्या प्लेटला मुरडायचं विसरलो.

त्याच टेबलावर आबांनी आम्हाला मशीनगनचा इतिहास शिकवला. मकरंद पीथमपूरच्या कारखान्यात यंत्रांवर काम करतो, त्यानंच विषय काढला.

“पूर्वी दोन प्रकार,” आबा म्हणाले. त्यांनी पाण्याचा जग पुढं ओढला. “ही भारी गन. नळी तापू नये म्हणून भोवती पाण्याचं पिंप. एकदा मांडली की दिवसभर बोलंल, पण उचलायची तर चार माणसं. आमचे उस्ताद सांगायचे, गोरे सोल्जर त्याच पाण्याचा चहा करायचे.” मग चमचा उचलला. “आन ही हलकी. एक गडी खांद्याला लावून पळंल, पण डोक्यावर गोळ्यांची छोटी पेटी. बोलायला लागली न लागली की पेटी रिकामी. म्हंजे पळती तिला दम नाय, आन दम हाय तिला पळता येईना.”

“मग?” मकरंदनं विचारलं.

“मग जर्मनांनी दोघींची मिळून एक केली. पुढं दोन पाय लावले की हलकी. तिवईवर चढवली की भारी. पाणीबिणी काय नाय. नळी तापली की काढायची, दुसरी लावायची. तव्यावरची भाकरी बदलावी तशी.”

पुढचं आबांनी ज्या तपशिलानं सांगितलं तो मी नंतर फोनवर पडताळला, आणि तो बरोबर निघाला. दुसरं महायुद्ध संपल्यावर बेल्जियमच्या कारागिरांनी जर्मन गनची पट्टा ओढण्याची युक्ती घेतली, एका अमेरिकी रायफलीचं आतलं यंत्र घेऊन ते चक्क उलटं बसवलं, आणि दोन्हींच्या लग्नातून ही गन जन्माला आली. मग ती देशोदेशी गेली. आपल्याकडं परवाना घेऊन सरकारी कारखान्यात बनायला लागली. पायदळात तिला ‘एमएमजी’, म्हणजे मध्यम मशीनगन, म्हणतात. रणगाड्यावर तीच, गाडीवर तीच, हेलिकॉप्टरच्या दारात तीच.

“सॉलिड डिझाइन आहे यार,” मकरंद म्हणाला. मग घाव घालायचा नसताना घातला. “आबाजी, तुम्ही कितने मारले असतील?”

आबांनी चमचा खाली ठेवला. तो बशीवर थोडा वाजत राहिला. “गनचं काम मारायचं कमी,” ते म्हणाले. “समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाय, तवर आपली पोरं पुढं सरकत्यात. ते काम.” माझ्याकडं बघून म्हणाले, “आमचे जावईबापू करतात तेच. भीती घालून माणसं खाली बसवायची.”

सगळे हसले. मकरंदचा प्रश्न त्या हसण्याखाली गेला, तो गेलाच.

दुपारी खजराना गणपतीला. तिथं मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात, आणि इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढतात. शोभानं डोळे मिटून स्वस्तिक काढलं. काय मागितलं ते मला पाठ होतं. तेवढ्यात पलीकडून आबा बोटाला कुंकू लावून आले आणि त्यांनी तिच्या शेजारीच आपलं काढलं, जरा वाकडंतिकडं. एकाच घरातून, एकाच मिनिटाला, एकमेकांविरुद्ध दोन अर्ज. मी गणपतीकडं सहानुभूतीनं पाहिलं. पुढं जाऊन मोदक घेतले, कारण मध्यस्थाची जागा रिकाम्या पोटी बिकट होते.

महू

महू इंदूरच्या कुशीतलं छावणीचं गाव. चुन्यानं रंगवलेले झाडांचे बुंधे, सरळ रेषेत कापलेली कुंपणं. इथल्या गायीसुद्धा रांगेत रवंथ करत असाव्यात असं वाटतं.

गिरधारीलालजींच्या अंगणात आम्ही शिरलो आणि एक म्हातारा, उंच, वाळलेला माणूस खाटेवरून उठला. डोळ्यांवर मोतीबिंदूचं दूध. नजर आमच्या जरा डावीकडं.

“साब?”

“गिरधारी!”

मिठीचं वर्णन करत नाही. दोघांच्या काठ्या पडल्या त्या मी उचलल्या, एवढंच माझं योगदान.

मग ते दोघे खाटेवर शेजारी बसले आणि एकमेकांवर ओरडायला लागले. भांडण नव्हतं, खुशाली विचारणं चाललं होतं. “बहू कैसी है?” “कौन?” “बहू! बहू!” “अच्छा, रतलाम गई!” “कौन गई?” शेजारची कुत्री भुंकायला लागली.

गिरधारीलालजींच्या पत्नी बाफले घेऊन आल्या. आम्ही त्यांना भाभीजी म्हणत होतो. “हर बार यही तमाशा है,” त्या हसत म्हणाल्या. “गन पर जैसे सोते थे वैसे ही बैठेंगे. साब दाहिने, ये बाएँ.”

मग त्यांनी उलगडून सांगितलं. नंबर एक गनच्या मागे, नंबर दोन त्याच्या डाव्या हाताला झोपून गोळ्यांचा पट्टा धरून आत सरकवतो. आवाज दोघांच्या मधोमध. त्यानं आबांचा डावा कान नेला आणि गिरधारीलालजींचा उजवा. आता त्याच क्रमानं बसले की मेलेला कान मेलेल्या कानाला लागतो. जागा बदलून बसा म्हटलं तर दोघंही ऐकत नाहीत. नंबर म्हणजे नंबर.

बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकळायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. आमच्याकडं भाकरीला तूप लावतात, इथं तुपाला भाकरी लावतात. चार बाफल्यांनंतर मी आबांना स्पर्धेतून काढायच्या कामगिरीवर होतो हे मला आठवेना. भाभीजींनी आठवण करून दिली. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “भैया, इनको तो दिखता नहीं. मैदान में हँसी होगी. आप ही समझाओ ना.”

मी गिरधारीलालजींना समजवायला गेलो. म्हटलं, “बाबूजी, आँखों पर पट्टी बाँधकर करना है, कठीण आहे… मुश्किल है.”

“म्हारे कईं मुश्किल?” ते खदाखदा हसले. “भगवान ने तो पहले से बाँध रखी है!”

मैदान

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कनाती, पताका, लाउडस्पीकर. पोरं रणगाड्यावर चढून फोटो काढत होती. एका सतरंजीवर ती ठेवली होती. कवायतीची गन, नळी निकामी केलेली, पण बाकी सगळी खरी. मी एवढं ऐकून होतो की ती मोठी असेल असं वाटलं होतं. ती शिवणयंत्रापेक्षा फार मोठी नव्हती. नुसतं काळं, तेलकट, गप्प पडलेलं लोखंड. आबा तिच्यापाशी थांबले नाहीत. एकदा बघून पुढं गेले. शाळेत आवडती मुलगी दिसली की आम्ही असंच करायचो.

मी बेत केला होता. नावं घेणाऱ्या टेबलाशी जाऊन हळूच सांगायचं, की सुभेदारसाहेब भाग घेणार नाहीत, तब्येत बरी नाही. गेलो. टेबलामागं मिशाळ हवालदार.

“जी, कौन-सा क्रू?”

“आबांचा, म्हणजे सुभेदारसाब का, लेकिन…”

“अच्छा अच्छा! उनका तीन नंबर आया नहीं, हम राह देख रहे थे. आप हो?”

नंबर तीन म्हणजे तिवई आणि गोळ्यांची पेटी वाहणारा हमाल. तो होता गिरधारीलालजींचा मुलगा, आणि तो बायकोला आणायला रतलामला गेलेला.

“मी जावई आहे,” मी ताठ होऊन म्हणालो. आमच्याकडं या वाक्यानं पाट मांडला जातो, आग्रह सुरू होतो.

“बहुत बढ़िया, फिर तो घर का आदमी है,” असं म्हणून हवालदारानं माझ्या छातीवर तीनचा बिल्ला टाचला. आयुष्यभर मी लोकांना “नुसती माहिती तर घ्या” म्हणून पॉलिसी गळ्यात मारत आलो. ते लोक घरी जाऊन बायकोला काय सांगत असतील ते मला त्या क्षणी कळलं.

शोभानं प्रेक्षकांतून माझा बिल्ला पाहिला. तिची नजर लिहिण्यासारखी नाही.

“जावईबापू,” आबा म्हणाले, “तिवई घ्या.” मग शिट्टी वाजली, आणि त्या आवाजासरशी माझं जावईपण संपलं. “ए तीन! बघतोस काय? पळ!”

पळालो. तिवई घेऊन पळणं म्हणजे मेलेला बोकड पाय ताठ करून खांद्यावर असल्यासारखं असतं. कशीबशी उघडून ठेवली. मैदानात हशा झाला. गिरधारीलालजींनी ती हातानं चाचपली.

“तीन नंबर, इसका मुँह किधर किया है?”

मुँह प्रमुख पाहुण्यांच्या दिशेला होतं. एक निवृत्त कर्नलसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत सरकले. मी तिवई फिरवली.

दोन्ही म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, आणि आबांनी गनला हात घातला.

मी आबांना गेले कित्येक महिने चहाचा कप धरायलाही दोन हात लावताना बघतोय. ते हात गनवर गेले आणि काय झालं देव जाणे. झाकण उघडलं, नळी फिरवून सुटी केली, दस्ता मागं सरकला, स्प्रिंग आली, पिस्टन आला. एकेक तुकडा सतरंजीवर ओळीनं. केळं सोलावं तसं. बाजूला दोन क्रू होते, दोन्ही आमच्याहून तरुण, आणि आबा त्यांच्या पुढं होते. मी शोभाकडं पाहिलं. तिनं पदर दातात धरला होता, पण चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

जोडणीही तशीच झाली. शेवटची एक खीळ राहिली. घोड्याचा भाग खालून धरून ठेवणारी, बोटाएवढी. तिला एका भोकातून आडवी जायचं होतं.

ती जाईना.

खीळ भोकाच्या कडेला लागायची आणि टिकटिक करत घसरायची. पुन्हा लागायची. आबांनी मनगट दुसऱ्या हातानं धरलं, आता दोन्ही हात थरथरायला लागले. शेजारच्या क्रूची गन तिवईवर चढली, टाळ्या झाल्या. दुसऱ्याचीही चढली. मग टाळ्या थांबल्या, आणि सगळं मैदान आमच्याकडं बघायला लागलं. लाउडस्पीकरवाला गप्प झाला. गिरधारीलालजी आबांच्या डाव्या कानाशी पुटपुटत होते, “साब, मैं करूँ? साब?” तो कान मेलेला होता. ती टिकटिक मात्र मला पेटीपाशी उभ्या उभ्या ऐकू येत होती.

मी पुढं व्हायला निघालो. काय करणार होतो मला ठाऊक नाही. चक्कर येऊन पडावं असा एक विचार होता. तो माझा सगळ्यात सुपीक विचार.

तेवढ्यात आबांनी खीळ सतरंजीवर ठेवली, मान वर केली, आणि त्यांच्या कवायतीच्या आवाजात गरजले,

“नंबर एक घायल! नंबर दो, गन संभालो!”

शोभा किंचाळली. कनातीखालून ग्लुकोजच्या पाण्याची बाटली घेऊन धावतच आली. “आबा! काय लागलं? कुठं लागलं?” मिशाळ हवालदारानं तिला हात आडवा करून थांबवलं. “कुछ नहीं हुआ बहनजी. ड्रिल है. एक गिरा तो दो गन लेता है. साब ने खुद को गिरा दिया, बस.” आणि तो हळूच म्हणाला, “नियम में है.”

आबा सतरंजीवर एक लोळण घेऊन डावीकडं आले. गिरधारीलालजी त्यांच्या अंगावरून सरकत उजवीकडं गेले. इतकी वर्षं आबांनी ज्या जागी दुसऱ्या कोणाला झोपू दिलं नव्हतं तिथं. खीळ पहिल्याच खेपेला गेली. गन उचलून तिवईवर बसली. मी पेटी आणून दिली, आणि या वेळी बरोबर बाजूला दिली हे नम्रपणे नमूद करतो.

आमचा क्रू शेवटचा आला, हे आत्ताच सांगून टाकतो. बक्षीस तरुणांना मिळालं, आणि आम्हाला एकेक नारळ. पण मला सांगायचं आहे ते शेवटची शिट्टी वाजायच्या आधीचं.

पट्टा भरायचा होता. खोट्या गोळ्यांचा, पण पितळी आणि जड. तो नंबर दोननं दोन्ही तळव्यांवर आडवा धरायचा असतो. आबांनी धरला. त्यांच्या हातांवर तो खुळखुळ वाजायला लागला, जत्रेतल्या खेळण्यासारखा. डोळ्यांवर पट्टी तशीच. मी अगदी जवळ होतो म्हणून ऐकलं. दोघं जागा बदलून झोपले होते, त्यामुळं चांगला कान चांगल्या कानाला लागला होता, आणि आबा पहिल्यांदाच ओरडले नाहीत. लहान मुलानं सांगावं तसं म्हणाले,

“गिरधारी, पट्टा हिल रहा है रे.”

“तो हिलेगा ही साब,” गिरधारीलालजी गनवर गाल टेकून म्हणाले. “मेरा कौन-से दिन थमा था? डर के मारे ऐसा नाचता था. आप सामने देखते थे. आपने मेरे हाथ देखे कब?”

आबांनी पट्टा थोडा वर उचलला, खुळखुळत होता तसाच गनच्या तोंडी दिला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“नंबर दो तैयार!”